मुखिया नसलेली जमात

दस्तरखानावर साखरेचे चार दाणे सांडले की मुंग्यांची रांग लागते. त्यांना हुकूम कोण देतो? कोणीच नाही. प्रत्येक मुंगी पुढे गेलेलीचा माग काढत चालते.

कोणाच्या हुकमाविना एकत्र काम करण्याची हीच रीत अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठात यंत्रांना शिकवली गेली. अमृतसरमध्ये वाढलेल्या राधिका नागपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये १०२४ ‘किलोबॉट’ एकत्र चालवून दाखवले. हा रोबो जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद. तीन ताठ पायांवर थरथरत सरकतो आणि इन्फ्रारेड किरणांनी फक्त आसपासच्यांशी बोलतो. सुरुवातीला चार रोबो खुणेसाठी ठेवतात. बाकीचे घोळक्याच्या कडेकडेने येतात आणि ठरलेल्या आकृतीत जागा मिळाली की थांबतात. अशी चांदणी तयार व्हायला सुमारे १२ तास लागले.

मधेच एखादा वाट चुकतो, कुठे कोंडी होते. जवळच्यांना ते कळते आणि तेच मिळून सावरून घेतात. सगळा भार एकाच हुशार यंत्रावर असता, तर ते बिघडताच काम थांबले असते.

म्हणून मुंग्या झटकण्याआधी मुलांना पाच मिनिटे ती रांग पाहू द्या.