पायांनी काय घोडे मारले आहे?

जमिनीवर माणसाने चालावे की नाही, हा प्रश्न आमच्या आजीला आयुष्यात कधी पडला नाही. तिच्या घरची जमीन शेणाने सारवलेली. पायांखाली ती झिजायची, तिचे पोपडे निघायचे, आणि थोड्या दिवसांनी आजी पदर खोचून पुन्हा सारवायला बसायची. जमीन झिजते म्हणून पाहुण्यांनी येऊ नये, असे काही तिच्या डोक्यात येत नसे. मग शहाबादी आली, मोझाइक आली, चकचकीत टाइल्स आल्या. तोपर्यंत सगळे ठीक होते. पण हल्ली दिवाणखान्यात लाकडी जमीन आली आणि ‘या, बसा’ याऐवजी यजमान ‘जपून हं!’ म्हणू लागले.

आमच्या एका स्नेह्यांनी अशी सागवानी जमीन करून घेतली आहे. दिसते मोठी देखणी, त्याबद्दल वाद नाही. पण त्या घरात पाऊल टाकणे म्हणजे परीक्षेला बसणे. चपला बाहेर काढा, हा पहिला नियम. तो आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळतोच आणि लाकडासाठी खरा उपयोगी तेवढाच आहे. कारण चपलेला चिकटून आलेला वाळूचा कण लाकडापेक्षा कितीतरी कठीण असतो आणि पॉलिश ओरबाडतो. दुसरा नियम, मोजे घाला. गुळगुळीत पॉलिशवर मोजे घालून चालून पाहा, म्हणजे हाडवैद्याचा पत्ता जवळ का ठेवावा ते कळेल! तिसरा, खुर्ची सरकवू नका. चौथा, पोरांना आणू नका. (हा तोंडाने सांगत नाहीत, चेहऱ्यावर लिहिलेला असतो.)

आणि पाचवा नियम स्नेह्यांच्या आईंसाठी. त्यांचे वय ब्याऐंशी. चालताना काठी लागते. काठीच्या टोकाला रबराची टोपी आहे, तरीही काठीचे डाग पडतील म्हणून आईंची खुर्ची स्वयंपाकघरात हलवली आहे. तिथे टाइल्स आहेत ना! मी गेलो की त्या आतूनच विचारतात, “कोण आलंय रे?” आणि मी बाहेरून ओरडून सांगतो. मायलेकांच्या मध्ये सागवानाचे एक खासगी अभयारण्य पसरले आहे.

आता खरी गंमत ऐका. ज्या जमिनीवर आईंना बंदी, तिच्यावर रोज सकाळी नऊ वाजता फिनेलच्या पाण्याने भरलेली बादली मात्र वाजतगाजत येते. कामाच्या बाई निथळता पोछा फिरवतात. “कोपऱ्यात नीट पाणी मारा हो,” असे वहिनी वर सांगतात. बादलीला कोणी ‘जपून हं’ म्हणत नाही!

लाकडाचा खरा वैरी पाय नव्हे, पाणी. यासाठी शास्त्रज्ञ असावे लागत नाही. पावसाळ्यात ज्याच्या घरचा दरवाजा फुगून अडकला आहे, त्या प्रत्येक मराठी माणसाला हे ठाऊक आहे. लाकूड ओल पिते आणि रुंदीत फुगते, सुकले की आक्रसते. दोन फळ्यांच्या सांध्यांतून पाणी खाली उतरले की फळीचे पोट फुगते, कडा वर येतात आणि मध्ये बशी तयार होते. पुढे स्नेह्यांच्या फळ्यांच्या बश्या झाल्याच. दोष कोणाला मिळाला? कामाच्या बाईंना. त्यांनी सांगितल्याबरहुकूम पाणी मारले होते. आणि थोडासा आईंच्या काठीला, जी तिकडे फिरकतही नव्हती.

“अहो, पण खर्च किती झालाय!” असे स्नेही म्हणतात. मान्य. म्हणून तर वापरा म्हणतो! अठरा-वीस मिलिमीटर जाडीची अस्सल फळी असेल तर ती घासून, पुन्हा पॉलिश करून अनेकदा नवी करता येते. प्लायवूडवर खऱ्या लाकडाचा पातळ थर असेल तर थर बेताचा, म्हणून घासणेही बेताचे; एखाददुसऱ्या वेळी, आणि फारच पातळ असेल तर नाहीच. आणि लॅमिनेट असेल, तर तो लाकडाचा छापील फोटो आहे. तो घासला तर खाली भुसा दाबून केलेला पुठ्ठा निघेल. पण त्यालाही पायापेक्षा पाण्याचेच भय जास्त.

आपल्या नाट्यगृहांतल्या रंगमंचाच्या फळ्या आठवा. त्यांच्यावर किती राजे पाय आपटून गेले, किती नायिका बेशुद्ध पडल्या, किती दिवाणखाने खिळे ठोकून उभे राहिले आणि रात्रीतून उचलले गेले! बॅडमिंटनच्या लाकडी कोर्टावर पोरे दिवसभर उड्या मारतात. तिथे कोणी खेळाडूला ‘स्वयंपाकघरात बसून खेळ’ म्हणत नाही.

मग जमीन सांभाळायची कशी? आजीच्या अकलेने. दाराशी चांगले जाड पायपुसणे. रोज मऊ केरसुणी. पुसायचेच तर घट्ट पिळलेले, जेमतेम ओलसर फडके. चहा सांडला तर पाहुण्याकडे रोखून न बघता लगेच टिपून घ्यायचा. खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे. भिंतीलगत सुताराने मुद्दाम बोटभर फट सोडलेली असते, ती शहाणपणा करून सिमेंटने बुजवू नये. पावसाळ्यात फळ्यांना अंग पसरायला तीच जागा असते. पॉलियुरेथेनच्या पॉलिशवर हौसेने मेण चोळू नये. जमीन निसरडी होते आणि पुढे पॉलिशचा नवा हात नीट धरत नाही. बस्स. यात आईंना कुठेही मज्जाव नाही.

लाकडावर ओरखडा गेला तर सुतार येतो, घासतो, पॉलिश मारतो, पैसे घेऊन जातो. ‘जपून हं’ ऐकून माणसाच्या मनावर जो ओरखडा जातो, त्यावरचे पॉलिश मात्र अजून कोणत्याही दुकानात आलेले नाही. तेव्हा स्नेहीमहाराज, बादली बाहेर ठेवा आणि आईंची खुर्ची आत घ्या.