ज्याँ-लुई त्रँतिन्याँ : एका संयमाचे तीन अर्थ

फ्रेंच नट ज्याँ-लुई त्रँतिन्याँ १७ जून २०२२ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी निवर्तले. त्यांच्यावरील बहुतेक मृत्युलेखांत दोन गोष्टी ठळकपणे आल्या. पहिली म्हणजे १९५६ साली ब्रिजित बार्दोबरोबर केलेला रॉजे वादिमचा चित्रपट व त्या काळचे गाजलेले प्रेमप्रकरण. दुसरी म्हणजे २००३ साली त्यांची कन्या, अभिनेत्री मारी, हिचा प्रियकराच्या मारहाणीत झालेला मृत्यू. एक देखणा, लाजाळू प्रेमिक आणि एक शोकाकुल पिता, या दोन चौकटींत साठ वर्षांहून अधिक काळाची कारकीर्द बसवून मोकळे होणे सोयीचे असते. त्या चौकटींत भरीस भर म्हणून एक विशेषण हमखास येते : संयत. आपल्याकडील समीक्षेतही हे विशेषण अतिपरिचयाने गुळगुळीत झाले आहे. नट ओरडला नाही, रडला नाही, हातवारे केले नाहीत, की तो 'संयत' ठरतो, आणि संयत ठरला की श्रेष्ठ ठरतो. हे समीकरण आम्हांला मान्य नाही. त्रँतिन्याँ यांचे काम नीट पाहिले तर ते कोठे मोडते हे स्पष्ट दिसते, आणि हे दिसणे नाटक-चित्रपटांइतकेच साहित्य वाचणाऱ्यांच्याही उपयोगाचे आहे, असे आमचे मत आहे.

आधी चरित्रातील थोडे तपशील. दक्षिण फ्रान्समधील व्होक्ल्यूज प्रांतातल्या पियोलेंक या गावी ११ डिसेंबर १९३० रोजी त्यांचा जन्म झाला. वडील उद्योजक. काका मोरिस त्रँतिन्याँ हे मोटार-शर्यतींतले नामवंत. मोनाकोची शर्यत त्यांनी १९५५ व १९५८ अशी दोनदा जिंकली. पुतण्या कायद्याचा अभ्यास करीत होता. मोलिएरच्या 'कंजूष' या नाटकातले शार्ल द्युलँ यांचे काम त्याने पाहिले आणि कायदा सोडून तो पॅरिसला नाट्यशिक्षणासाठी गेला. तेथे द्युलँ आणि तानिया बालाशोवा हे त्याचे गुरू. स्वभाव कमालीचा बुजरा, बोलण्यात दक्षिणेचा हेल. पुढे ज्या आवाजासाठी त्यांची ख्याती झाली तो जन्मजात देणगी म्हणून हाती आलेला नव्हता. तो घडवावा लागला. आपल्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले आहेत, आणि भरताने वाणीला नाट्याचे शरीर म्हटले आहे. चित्रपट ही दृश्यकला असल्याचे आपण इतक्या वेळा घोकतो की तिच्यातल्या वाचिकाकडे आपले दुर्लक्ष होते. त्रँतिन्याँ हे प्रथमतः वाचिकाचे नट होते. त्यांनी आपली तालीम रंगभूमीवर केली, हॅम्लेट केला, आणि आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात ते पुन्हा रंगमंचावर आले ते झाक प्रेव्हेर, बोरिस व्हियाँ आणि रॉबेर देस्नॉस यांच्या कविता म्हणण्यासाठी.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. १९६९ च्या कान महोत्सवात त्यांचे दोन चित्रपट स्पर्धेत होते : कोस्ता-गाव्रास यांचा 'झेड' आणि एरिक रोमेर यांचा 'मा न्वी शे मोद', म्हणजे मोदच्या घरची रात्र. उत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक त्यांना 'झेड'साठी मिळाले. पुढच्याच वर्षी बेर्नार्दो बेर्तोलुची यांचा 'इल कॉन्फॉर्मिस्ता' आला. तीन दिग्दर्शक, दोन भाषा, आणि नट एकच. तिन्हींत चेहरा जवळजवळ स्थिर, आवाज खालच्या पट्टीत, हालचाल मोजकी. 'संयत' हे विशेषण तिन्हींना लागू पडते आणि तिन्हींविषयी काहीच सांगत नाही, कारण त्या स्थिरतेचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे.

'झेड' हा व्हासिलिस व्हासिलिकोस यांच्या कादंबरीवर बेतलेला. १९६३ साली थेसालोनिकी येथे ग्रीक खासदार ग्रिगोरिस लाम्ब्राकिस यांची हत्या झाली. ती अपघात म्हणून दडपण्याचा प्रयत्न झाला आणि एका तपासी न्यायाधीशाने तो हाणून पाडला. त्रँतिन्याँ यांनी हा न्यायाधीश केला आहे. डोळ्यांवर गडद काचांचा चष्मा, म्हणजे नटाचे सर्वांत मोठे साधन आधीच काढून घेतलेले. अखेरीस एकामागून एक बडे अधिकारी त्याच्यासमोर येतात आणि तो प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारतो : आडनाव, नाव, व्यवसाय. छातीवर पदके मिरवणाऱ्या सेनाधिकाऱ्यालाही तोच प्रश्न, तोच स्वर. आवाजात किंचितही विजय आला असता तर ते दृश्य सूडाचे झाले असते. स्वर बदलत नाही यातच कायद्यापुढील समानता ऐकू येते. येथे संयम म्हणजे न्याय.

रोमेर यांच्या चित्रपटात हाच संयम निराळे काम करतो, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विशेष रेंगाळावे असे हे ठिकाण आहे. या भूमिकेसाठी त्रँतिन्याँ मोकळे होईपर्यंत रोमेर थांबले होते. कथा नाताळातली असल्याने एक हुकला की पुढचा नाताळ येईपर्यंत थांबणे भाग होते. स्थळ क्लेर्माँ-फेराँ, म्हणजे ब्लेझ पास्कालचे जन्मगाव. नायक एक श्रद्धाळू कॅथलिक अभियंता. प्रार्थनेच्या वेळी चर्चमध्ये पाहिलेल्या एका अनोळखी तरुणीशीच आपला विवाह होणार, असे त्याने मनोमन ठरवून टाकले आहे. विदाल हा त्याचा मार्क्सवादी मित्र त्याला मोद नावाच्या घटस्फोटित डॉक्टर स्त्रीकडे घेऊन जातो. बाहेर बर्फ पडतो आहे आणि आत पास्कालच्या पैजेवर चर्चा चालली आहे. ईश्वर असण्याची शक्यता कितीही थोडी असो, लाभ अनंत असल्याने पैज त्याच्याच बाजूने लावणे शहाणपणाचे, हा पास्कालचा युक्तिवाद विदाल इतिहासाच्या अर्थपूर्णतेला लावून दाखवतो. नायकाला पास्कालची कठोरता रुचत नाही. चांगले खाता-पिताना ते चांगले आहे हे लक्षातही न घेणाऱ्या माणसाविषयी त्याची तक्रार आहे.

या संवादांत त्रँतिन्याँ काय करतात? ते युक्तिवाद करतात, पण त्याच वेळी स्वतःचे बोलणे तपासून पाहत असल्यासारखे ऐकतात. वाक्याच्या मध्यावर क्षणभर थांबतात, जणू पुढचा शब्द खरा आहे की सोयीचा, हे त्यांनाच ठाऊक नाही. मोद त्याचा दांभिकपणा हसत-हसत दाखवून देते तेव्हा तेही हसतात, आणि त्या हसण्यात कबुली किती नि बचाव किती हे कळत नाही. येथे संयम म्हणजे स्वतःपासून लपण्याची सभ्य रीत. चित्रपटात नायकाचे निवेदन मोजक्याच ठिकाणी ऐकू येते. कादंबरीत प्रथमपुरुषी निवेदक जसा आपल्याविषयी सांगताना स्वतःला उघडे पाडतो, तसे येथे घडते. फरक इतकाच की येथे अविश्वसनीयता शब्दांत कमी आणि स्वरात अधिक आहे. पाच वर्षांनी समुद्रकिनारी मोद पुन्हा भेटते. नायकाला उमगते की ज्या विवाहित पुरुषाशी आपल्या पत्नीचे पूर्वी संबंध होते तो मोदचाच नवरा होता, आणि हे आपल्याला कळले असावे या भीतीने पत्नी गोंधळली आहे. तेव्हा तो मोद हीच आपली शेवटची प्रेयसी होती असे खोटेच सांगतो, पत्नीवरचे ओझे उतरावे म्हणून. नीतिवादी माणसाने केलेली पहिली निःस्वार्थ गोष्ट म्हणजे एक असत्य, आणि ते असत्य त्रँतिन्याँ इतक्या सहजपणे उच्चारतात की ते दान आहे हे लक्षात यायला थोडा वेळ लागतो.

'इल कॉन्फॉर्मिस्ता' आल्बेर्तो मोराव्हिया यांच्या १९५१ च्या कादंबरीवर आधारलेला. मार्चेल्लो क्लेरिची या माणसाला चारचौघांसारखे व्हायचे आहे, आणि फॅसिस्ट इटलीत चारचौघांसारखे होण्याची किंमत म्हणून तो आपल्याच जुन्या प्राध्यापकाच्या हत्येत सामील होतो. बर्फाळ अरण्यातील हत्येच्या दृश्यात प्राध्यापकाची पत्नी धावत येऊन त्याच्या मोटारीच्या काचेवर हात आपटते, किंचाळते. तो आत बसून पाहत राहतो. काच खाली होत नाही. चेहऱ्यावर क्रौर्य नाही आणि करुणाही नाही. येथे संयम म्हणजे भेकडपणा, किंबहुना गुन्हा. 'झेड'मध्ये ज्या स्थिरतेला आपण मनोमन वंदन केले, तिचाच आपल्याला येथे धसका बसतो. संयम हे स्वतःहून मूल्य असते तर हे शक्य झाले नसते. मूल्य ठरते ते कशापुढे संयम राखला जातो यावरून.

येथे एक आक्षेप उपस्थित होऊ शकतो. 'वाचिकाचा नट' हे आमचे प्रतिपादन इटालियन चित्रपटांना कसे लागू पडावे? त्या काळच्या प्रथेप्रमाणे तेथे त्यांच्या ओठांवर दुसऱ्याच नटाचा आवाज आहे. १९६२ च्या दिनो रिसी यांच्या 'इल सोर्पास्सो'तही तसेच. शिवाय सेर्जियो कोर्बुची यांच्या १९६८ च्या 'इल ग्रांदे सिलेंत्सियो'त ते चक्क मुके आहेत. आक्षेप खरा आहे, पण आमच्या मते त्याने प्रतिपादन अधिक नेमके होते. वाचिकाचा अर्धा भाग उच्चाराचा असतो आणि अर्धा ऐकण्याचा. 'इल सोर्पास्सो'त व्हित्तोरिओ गास्मान अखंड बडबडतात आणि कायद्याचा विद्यार्थी झालेले त्रँतिन्याँ ऐकतात. त्या ऐकण्यामुळेच गास्मान यांच्या उत्साहातला पोकळपणा आपल्याला कळू लागतो. समोरच्याचे वाक्य ज्याच्या चेहऱ्यावर पूर्ण होते असा हा नट होता. किस्लोव्स्की यांच्या १९९४ च्या 'रूज'मध्ये ऐकणे हाच भूमिकेचा विषय झाला. तेथे ते निवृत्त न्यायाधीश आहेत आणि शेजाऱ्यांची दूरध्वनीवरील संभाषणे चोरून ऐकतात. पंचवीस वर्षांपूर्वीचा तो तपासी न्यायाधीश निवाडा देण्यावरचा विश्वास गमावून बसला तर कसा दिसेल, याचे हे उत्तरच म्हणावे.

त्यांचे सारेच काम या तोलाचे नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. शंभराहून अधिक चित्रपटांत पुष्कळसे किरकोळ आहेत. त्यांना जगभर पोहोचवणारा क्लोद लेलूश यांचा १९६६ चा 'एक पुरुष, एक स्त्री' आज पाहताना संगीत आणि कॅमेरा यांनीच बहुतांश काम उरकल्यासारखे वाटते.

आता त्या दुसऱ्या चौकटीकडे, म्हणजे दुःखाकडे वळू. मारीच्या मृत्यूनंतर ते चित्रपटांपासून जवळजवळ दूर झाले. २०१२ मध्ये मिखाएल हानेके यांच्या 'आमूर'साठी परतले. भूमिका त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिली गेली होती. चित्रपटाला कानचे 'पाम दोर' मिळाले आणि त्यांना सेझार पारितोषिक. या कामावर मारीच्या मृत्यूची छाया पाहणारे लिखाण विपुल झाले. ते नैसर्गिक आहे, पण समीक्षा म्हणून ते दुबळे आहे. चरित्रातला शोक कलाकृतीत ओतला की कलाकृती समजली, अशी सोपी सुटका त्यात असते. ज्यांनी मुलीबरोबर रंगमंचावर आपोलिनेरच्या कविता म्हटल्या आणि ती गेल्यावरही जे कविता म्हणत राहिले, त्यांनी स्वतःचे दुःख सांगण्यासाठी दुसऱ्यांचे शब्द राबवले असे आम्हांला वाटत नाही. दुसऱ्याच्या शब्दांशी इमान राखणे हीच त्यांची रीत होती.

'आमूर'मधील निर्णायक प्रसंग पाहावा. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली पत्नी वेदनेने विव्हळते आहे. एमान्युएल रिवा यांनी ती केली आहे. झॉर्झ तिचा हात कुरवाळत लहानपणीची एक गोष्ट सांगू लागतो : सुटीतले शिबिर, संपवल्याशिवाय उठता न येणारी तांदळाची खीर, आईला पाठवायच्या पत्रावर आवडले तर फुले आणि नावडले तर तारे काढायचे असा ठराव, मग आजारपण. आवाज संथ आहे. हळूहळू तिचे विव्हळणे थांबते. गोष्ट संपते, क्षणभर शांतता होते आणि तो उशी उचलून तिच्या तोंडावर दाबून धरतो. जो आवाज तिला शांत करतो त्याच माणसाचे हात तिला संपवतात. ही करुणा आहे की थकव्यातून आलेली हिंसा, याचे उत्तर आवाजात शोधू गेलो तर मिळत नाही, कारण गोष्ट सांगताना तो फक्त गोष्ट सांगतो. पुढे काय होणार याची सूचना त्याने स्वरात पेरलेली नाही. न्यायाधीशाची समदृष्टी, अभियंत्याचे दयाळू असत्य आणि मोटारीत बसलेल्या माणसाची निष्ठुरता या तिन्ही शक्यता त्या पलंगाजवळ एकत्र हजर असतात, आणि निवाडा आपल्यावर येऊन पडतो.

वर्गात कविता मोठ्याने वाचताना आपण बहुधा तिचा अर्थ आवाजात कालवून श्रोत्यांच्या हाती देतो. करुण ओळ आली की गळा दाटतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला करण्यासारखे काही उरत नाही. त्रँतिन्याँ यांच्याकडून घेण्यासारखे आहे ते हे की शब्द स्पष्ट म्हणावा, त्याचे वजन ओळखावे, आणि त्याच्या अर्थाचा निर्णय ऐकणाऱ्यासाठी मोकळा ठेवावा. यापुढे एखाद्या नटाच्या वा लेखकाच्या कामाला 'संयत' म्हणताना त्याने काय राखून ठेवले आणि कोणासाठी, एवढे तरी आपण लिहावे. ते लिहिता येत नसेल तर विशेषण वगळलेले बरे.