जुगाड कुणाला म्हणताय?

परवा एका मित्राने जुन्या पॉइंट ३०३ रायफलीचा फोटो दाखवला. मॅगझिनजवळ लाकडातून आडवा गेलेला स्क्रू दाखवत म्हणाला, "बघ, आपला नेहमीचा भारतीय जुगाड!" झालं, माझं डोकं फिरलं.

अरे बाबा, हा 'इशापूर स्क्रू'. कोलकात्याजवळच्या इशापूर रायफल फॅक्टरीचं नाव लावूनच जगभरचे संग्राहक त्याला ओळखतात. तो तिथे का आहे ते आधी बघ की!

सुमारे ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ७४० मीटर वेगाने पुढे जाते, तेव्हा चार किलोची रायफल मागे झटका खाते. नळीखालचं लाकूड मात्र जागेवरच राहू पाहतं. त्याला मागे ओढायचं काम लोखंड करतं, तेही आतल्या दोन छोट्या खाचांवर दाब देऊन. खाचा झिजल्या की फट पडते, मग प्रत्येक बार म्हणजे हातोडीचा घाव. आणि लाकूड रेषांच्या दिशेने फाटतं, हे जळण फोडणाऱ्या कुणालाही विचारा. आडवा स्क्रू दोन्ही बाजू आवळून धरतो. बस्स, एवढंच.

ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्याने लाकूड मऊ म्हणून त्याच खाचांत तांब्याचे तुकडे बसवले. जर्मन मॉझर के-९८ च्या दस्त्यातून तर आरपार पोलादी बोल्ट जातो. ते 'जर्मन इंजिनिअरिंग', आणि आमचा स्क्रू जुगाड? वा रे वा!

जुगाड म्हणजे चिरेत फेविकॉल भरून वर पॉलिश मारणं. आमच्या धंद्यातला रिकामा कॅच ब्लॉक म्हणा ना. एरर दिसत नाही, बिघाड मात्र तसाच. जोर कुठे येतो हे ओळखून तिथेच आधार देणं, याला इंजिनिअरिंग म्हणतात. अर्थात स्क्रू म्हणजे जादू नव्हे. खाचांचं फिटिंग ढिलं असेल, तर स्क्रू असूनही लाकूड चेपत जाणारच.

मित्राचा शेवटचा बाण: "मग २००८ ला सीएसटीवर काय उपयोग झाला त्या ३०३ चा?"

प्रश्न रास्त आहे, पत्ता चुकलाय. ऑटोमॅटिक रायफलींसमोर पोलिसाला दर गोळीनंतर बोल्ट ओढायला लावणं, हा दोष खरेदीच्या फायली अडवणाऱ्यांचा. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर ३०३ ला निरोप दिला तो थेट २०२० मध्ये. लाकूड इतकं टिकलं यात कारागिराची काय चूक? टिकतंय ना, मग चालू दे म्हणत आपण बसून राहिलो. खरा जुगाड तो!