केळीचं खोड शेताबाहेर जाऊ देऊ नका

शिरपूर तालुक्यातल्या केळी बागायतदारांनो, ट्रॅक्टरवाल्या भावांनो, कापणीच्या टोळ्यांनो, आणि ज्यांची शेती नाही पण ज्यांच्या दाराजवळच्या नाल्यात ही खोडं येऊन कुजतात अशा सगळ्यांनो,

हात जोडून एक विनंती आहे. घड कापून झाल्यावर केळीचं खोड शेताबाहेर काढू नका. बांधावर रचू नका, नाल्यात लोटू नका, काडी लावू नका. थाळनेर, होळनांथे, सावळदे, तापीकाठचा सगळा पट्टा डोळ्यांसमोर आणा. कापणी झाली की दुसऱ्या दिवशी ट्रॉली लागते आणि हिरवीगार खोडं रस्त्याच्या कडेला पडतात. त्या ट्रॉलीतून काय जातंय ते समजलं तर कुणीही ती भरू देणार नाही, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे लिहितो आहे, आणि कापणी चालू असतानाच लिहितो आहे.

त्या ट्रॉलीतून जातं ते पोटॅश.

जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने ३० खनिजांची एक यादी जाहीर केली. देशाचा कारभार ज्यांच्यावाचून अडेल आणि ज्यांच्यासाठी आपल्याला दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहावं लागतं, अशी ही खनिजं. त्यात बॅटरीचं लिथियम आहे, कोबाल्ट आहे, विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटारीत लागणारी रेअर अर्थ मूलद्रव्यं आहेत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्यातल्या सात मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यातीचे निर्बंध आणले, तेव्हा आपल्या वाहन कारखान्यांची झोप उडाली. टीव्हीवर, पेपरात महिनाभर तीच चर्चा. पण त्याच यादीत फॉस्फरस आणि पोटॅश ही दोन नावंही आहेत, आणि त्यांची चर्चा शिरपूरच्या कुठल्या पारावर मी ऐकली नाही. खरं तर लिथियमपेक्षा आपला जीव त्यांच्यात जास्त अडकलेला आहे. २०२५ च्याच जूनच्या सुमारास चीनकडून येणाऱ्या विद्राव्य खतांनाही खीळ बसली होती. ठिबकमधून सोडायला खत शोधत ज्यांनी दुकानं पालथी घातली, त्यांना ते आठवत असेल. खत का मिळत नाही, हे मात्र तेव्हा फारसं कुणी समजावून सांगितलं नाही.

आपण दुकानातून जी पोटॅशची गोणी आणतो, ते म्युरेट ऑफ पोटॅश भारतात खाणीतून निघत नाही. राजस्थानात हनुमानगड-श्रीगंगानगरकडे जमिनीखाली साठे सापडले आहेत, पण तिथलं पोटॅश अजून आपल्या गोणीत आलेलं नाही. गोणी येते कॅनडातून, रशियातून, बेलारूसमधून, इस्रायल-जॉर्डनच्या मृत समुद्राकडून. बेलारूसला तर समुद्रच नाही. त्याचं पोटॅश शेजारच्या लिथुआनियातल्या क्लायपेडा बंदरातून जायचं. १ फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियाने ती वाट बंद केली, आणि तीन आठवड्यांत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. २०२१ च्या सुरुवातीला भारताने टनाला २४७ डॉलरने करार केला होता, तो फेब्रुवारी २०२२ मध्ये ५९० डॉलरवर गेला. इकडे आपल्याला पन्नास किलोच्या गोणीला १७०० रुपये मोजावे लागले. ज्या देशांची नावंही आपल्याला नीट घेता येत नाहीत, तिथल्या रेल्वेफाटकाचा हिशेब थाळनेरच्या केळीबागेत चुकता झाला.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. पहिल्या महायुद्धाआधी जगाचं पोटॅश जवळजवळ सगळं जर्मनीच्या खाणींतून यायचं. १९१४ ला युद्ध पेटलं, पुरवठा तुटला आणि अमेरिकेत पोटॅशचा भाव दसपटीहून वर गेला. तिथल्या लोकांनी समुद्राचं शेवाळ जाळून, खाऱ्या तळ्यांचं पाणी आटवून पोटॅश मिळवलं. इंग्रजीत पोटॅश या शब्दाचा अर्थच मुळी भांड्यातली राख. खाणी सापडण्याआधी जगभर ते झाडांच्या राखेतूनच काढत. आसामात आजही केळीच्या सालींची राख करून तिचं क्षारपाणी स्वयंपाकात वापरतात, त्याला ते कोलाखार म्हणतात. केळ हे झाडच असं आहे की ते जमिनीतलं पालाश, म्हणजे हेच पोटॅश, ओढून ओढून अंगात साठवतं.

आता आपल्या एकराचा हिशेब करू. कृषी विभागाच्या शिफारशीप्रमाणे केळीच्या एका झाडाला साधारण २०० ग्रॅम पालाश लागतं. पाच बाय पाच फुटांवर लावलं तर एकरात १७४० च्या आसपास झाडं बसतात. म्हणजे साडेतीनशे किलो पालाश. गोणीत पालाश ६० टक्के असतं, तेव्हा एकरी जवळजवळ बारा गोण्या झाल्या. २०२२ च्या भावाने वीस हजार रुपये, तेही फक्त पोटॅशचे. शिवाय सरकारचं अनुदान पालाशला किलोमागे २०२२ च्या खरिपात २५ रुपयांच्या वर होतं, ते २०२३-२४ च्या रब्बीपासून २ रुपये ३८ पैशांवर आलं आहे. परदेशात भाव चढला की तो आता जवळजवळ पुराच आपल्या अंगावर येतो.

या बारा गोण्यांतलं काही घडात जातं. तो घड बऱ्हाणपूरला, दिल्लीला, कुठेही जातो आणि त्याचे पैसे आपल्याला मिळतात. पण बाकीचा मोठा हिस्सा खोडात आणि पानांत शिल्लक राहतो. त्याचे पैसे कुणी देत नाही. तो आपण स्वतःच्या डिझेलने, स्वतःच्या मजुरीने शेताबाहेर नेऊन टाकतो.

एकदा ताजं खोड आडवं कापून पाहा. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं दिसतात आणि प्रत्येक घरात पाणी भरलेलं असतं. आपल्या बाह्यांवर जे न निघणारे तपकिरी डाग पडतात, ते याच रसाचे. पालाश या रसात विरघळलेलं असतं. नत्रासारखं ते झाडाच्या अंगात घट्ट विणलेलं नसतं, त्यामुळे खोड कुजायचीही वाट पाहत नाही. पाणी लागलं की बाहेर पडतं. मी खोडाचे वाळलेले तुकडे जाळून त्यांची राख पाण्यात कालवून पाहिली आहे. बोटांना साबणासारखी बुळबुळीत लागते. तो क्षार म्हणजेच आपलं पोटॅश. ते अंगात असलेलं खोड बांधावर पडलं, वर दोन पाऊस झाले, की सगळं नाल्यात, नाल्यातून अरुणावतीत आणि तिथून तापीत. जाळलं तरी राखेत ते उरतं, हे खरं आहे. पण बांधावरची राख वाऱ्याने आणि पाण्याने जाते, आणि जमिनीला जो सेंद्रिय घास मिळायचा तो धूर होऊन जातो.

मग करायचं काय? ज्यांना पिलबाग धरायची आहे त्यांनी घड कापल्यावर खोड बुडातून तोडूच नये. छातीएवढं उभं ठेवावं, आणि जसं सुकत जाईल तसं टप्प्याटप्प्याने खाली घ्यावं. आईच्या खोडातलं अन्न आणि पाणी काही आठवडे पिलाला मिळत राहतं. ज्यांना बाग मोडायची आहे त्यांनी खोडाचे तुकडे करून, कुट्टी यंत्र मिळालं तर बारीक करून, जागेवरच पसरावेत आणि रोटाव्हेटर मारावा. कुजवताना थोडा युरिया आणि शेणकाला टाकला तर काम लवकर होतं. अख्खी खोडं मात्र शेतात लोळत ठेवू नका, त्यांत सोंडकिडा घर करतो. शेजारी नवसारीच्या कृषी विद्यापीठाने तर याच रसापासून द्रवरूप सेंद्रिय खत आणि खोडापासून धागा काढून दाखवला आहे. सुरत रस्त्याने ते गाव आपल्याला काही परकं नाही.

एक इशारा दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या झाडाला हरण्या किंवा मर रोग झाला आहे, त्याचं खोड बागेत पसरू नका. करप्याची पानंही काढून वेगळी नष्ट करा. रोगट झाड कसं संपवायचं ते कृषी सहायकाला बांधावर बोलावून विचारा. आणि या लेखाच्या भरवशावर यंदाच पोटॅश एकदम बंद करू नका. आधी माती तपासा. आपली काळी जमीन मुळात पालाशची श्रीमंत, पण केळीसारखं खादाड पीक वर्षानुवर्षं घेतल्यावर तिच्यात किती उरलंय हे डोळ्यांनी दिसत नाही. मातीचा अहवाल हातात आला की त्याप्रमाणे गोण्या एकेक कमी करा.

यंत्र महाग आहे, एकट्याला परवडत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून हे आवाहन एकट्या शेतकऱ्याला नाही. शेतकरी गटांनी, विकास सोसायट्यांनी गावात एक कुट्टी यंत्र आणावं आणि तासाच्या भाड्याने द्यावं. ग्रामपंचायतींनी नाल्यात खोडं टाकण्याविरुद्ध ठराव करावा आणि तो पाळून घ्यावा. कृषी सेवा केंद्रांच्या दुकानदारांना विनंती आहे की गोणी देताना मातीचा अहवाल मागा. शिरपूरच्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलामुलींनी एका एकरात खोड गाडून आणि शेजारच्या एकरात न गाडता, दोन्हीकडच्या मातीची तपासणी करून आकडे गावासमोर मांडावेत. ते आकडे आपल्याच शिवाराचे असतील, त्यांच्यावर विश्वास बसेल.

आणि हे आपल्याला जमत नाही असं म्हणू नका. २००४ पासून याच तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल आणि रुंद करून पाणी अडवलं, पिवळ्या मातीचे थर फोडून ते खाली मुरवलं. तेव्हाही लोक म्हणायचे की पाणी वाहून जायचंच असतं. आज शिरपूर पॅटर्न पाहायला दुरून माणसं येतात. ज्या नाल्यांत आपण पाणी थांबवलं, त्याच नाल्यांतून आपण पोटॅश घालवतो आहोत.

माझे एक चुलते खत टाकताना म्हणायचे, "जमीनले बी भूक लागस." ते खत शेणाचं असायचं, गोणीचं नाही.

उद्या सकाळी टोळी आली की मुकादमाला आधीच सांगून ठेवा: घड काढा, पानं खाली पडू द्या, खोडाला छातीच्या खाली विळा लावू नका. आणि ट्रॉलीवाल्याला फोन करून सांगा की उद्या येऊ नको.