कोणासाठी इंग्रजी? शालेय साहित्याध्यापन आणि ‘समाजसेवा’

शालेय इंग्रजीच्या अभ्यासक्रमात संस्कृती, साहित्य आणि समाजसेवा यांची सांगड घालावी, ही मागणी एव्हाना सर्वमान्य झाली आहे. म्हणूनच ती तपासली पाहिजे. साहित्य मूल्ये पुरवते, सेवा-उपक्रम ती आचरणात आणतात आणि इंग्रजी हे अभिव्यक्तीचे तटस्थ माध्यम असते, अशी तीन गृहीतके या मागणीमागे आहेत. यातील तिसरे खोटे आहे, आणि त्यामुळे पहिली दोनही डळमळतात.

घोडनदीच्या वा भीमेच्या काठावरील, शिरूर-दौंडमधील एखाद्या शाळेचा विचार करावा. ‘खेड्याला दिलेली भेट’ हा इंग्रजी निबंधाचा रुळलेला विषय. जो मुलगा खेड्यातच राहतो, त्याने तो लिहावयाचा म्हणजे आपल्याच गावात पाहुणा व्हावयाचे. ग्रामस्वच्छतेच्या उपक्रमाचा अहवालही याच पवित्र्यातून लिहिला जातो: आपल्याच आईवडिलांचे वर्णन तो ‘अडाणी’ आणि ‘लाभार्थी’ म्हणून करतो. या लेखनाचा संबोधित वाचक गावात नसतो. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची शिफारस केली, ती श्रमाला अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आणण्यासाठी. व्यवहारात त्याचा गुणपत्रिकेतील एक रकाना झाला आणि भाषेचा तास त्यापासून अलिप्तच राहिला.

संबोधनाचा हा प्रश्न दौंड तालुक्याला नवा नाही. केडगाव येथे मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील आपले इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध केले. त्याचा वाचक परका होता. त्याच्या सहानुभूतीतून आणि देणग्यांतून विधवांसाठी शाळा उभी राहावयाची होती. साहाय्य मागणाऱ्या इंग्रजीत जिच्यासाठी मागावयाचे ती स्त्री करुणेचा विषय बनते, हा धोका या संहितेतही आहे. परंतु रमाबाई तेथे थांबल्या नाहीत. १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेची लोकस्थिती मराठी वाचकांपुढे मांडली. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्या जागा त्यांनी बदलल्या. पुढे केडगावातच त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. ते सामान्य स्त्रीला कळावे हा त्यांचा आग्रह होता. मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्याचे खिळे तेथील स्त्रियांनी जुळविले. त्यांच्या धर्मविषयक भूमिकेशी मतभेद असू शकतात. तथापि भाषा आणि सेवा यांचे जे नाते येथे दिसते, ते कोणत्याही उपक्रम-पुस्तिकेत आढळत नाही.

ग्रामीण मुलाला आधी नोकरीपुरती इंग्रजी द्यावी, साहित्य आणि समीक्षा मागाहून, असा एक आक्षेप घेतला जातो. तो वरकरणी व्यवहारी आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या तरुणाच्या हाती इंग्रजी करारपत्र आले, तर त्यातील कर्तृपद कोठे लपविले आहे, जबाबदारी कोणावर ढकलली आहे, हे ओळखण्यास साहित्यवाचनाचीच शिस्त लागते. औषधाच्या वेष्टनावरील वा विम्याच्या कागदावरील मजकूर शेजाऱ्याला मराठीत समजावून सांगणे ही भाषांतराची कसोटी आहे आणि सेवाही. आज वर्गात भाषांतर कमी प्रतीचे मानले जाते. कारण त्यामुळे इंग्रजीचा प्रवाह उलटा, गावाकडे वळतो.

संस्कृती म्हणजे सणांची सचित्र माहिती आणि सेवा म्हणजे हातातील झाडू, हे समीकरण जोवर टिकून आहे तोवर नवे पाठ घालून काही साधणार नाही. इंग्रजीत लिहिलेले गावाविषयीचे प्रत्येक वाक्य गावाला वाचून दाखविण्याची तयारी शाळेने ठेवावी. जे वाक्य तेथे उच्चारता येत नाही, त्याला सेवेचे नाव देऊ नये.