बनावट वेबसाइट एआय अडवेल. पण घरात दडपलेली चूक कोण अडवणार?

चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणारे आमच्या एका विद्यार्थ्याचे अब्बा फसले. गाडी एमएच 14, जुनी. नवी नंबर प्लेट हवी म्हणून मोबाईलवर शोधलं, वर आलेली पहिलीच लिंक उघडली आणि पैसे भरले. प्लेट आलीच नाही. मग ‘ऑफिसमधून’ फोन आला, ओटीपी गेला आणि पगारही गेला. दोन महिने त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही.

यात त्यांचा अडाणीपणा नव्हता. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना राज्यात ही प्लेट सक्तीची झाली. दुचाकीचा दर 450 रुपये अधिक जीएसटी. काम खासगी कंपन्यांना दिलेलं, त्यामुळे बुकिंगच्या खऱ्या वेबसाइटचं नावही सरकारी वाटत नाही. मग खरी कुठली, खोटी कुठली हे सामान्य माणसाने कसं ओळखावं? बनावट वेबसाइटबद्दल परिवहन विभागाला सावधगिरीचा इशारा द्यावा लागला.

इथे आर्टिफिशियल इंटेलिजन्स, म्हणजे एआय, कामाला येते. वेबसाइट कालच तयार झाली का, नावात एखादं अक्षर बदललंय का, पान ओटीपी किंवा कार्डाचा नंबर मागतंय का, हे ती क्षणात तपासते. मे 2025 मध्ये एअरटेलने अशी लिंक उघडण्याआधीच अडवणारी सेवा सुरू केली. त्याच महिन्यात गुगलनेही क्रोममध्ये फसवी पानं ओळखायला एआय वापरत असल्याचं जाहीर केलं. डिसेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने 1,100 पोलीस ठाण्यांसाठी ‘महाक्राइमओएस एआय’ जाहीर केलं. पण ते तपासासाठी आहे, म्हणजे गुन्हा घडल्यानंतरचं.

आम्हाला हे पाऊल चांगलंच वाटतं. मात्र भरवसा किती ठेवायचा? एका कंपनीने अडवलेली लिंक दुसऱ्या कंपनीच्या सिमवर उघडू शकते. नवी वेबसाइट पकडली जाईपर्यंत दोन-चार घरं लुटली गेलेली असतात. आणि फोनवर गोड बोलून घेतलेला ओटीपी कुठलीही वेबसाइट-चाळणी अडवू शकत नाही.

म्हणून काही गोष्टी आपल्याच हातात आहेत. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. बँकेचं पान उघडताना शेवट पाहा. हजचा अर्ज भरताना हज कमिटीच्या पत्त्यात ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ आहे का, तेही पाहा. नंबर प्लेटसाठी परिवहन विभागाच्या वेबसाइटवरूनच पुढे जा.

पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 वर फोन करा. लवकर कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येते. त्या अब्बांचे दोन महिने इथेच महागात पडले. त्यांना भीती होती ती लोक हसतील याची, आणि पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची.

आपल्या अनेक घरांत अम्मी-अब्बांचा मोबाईल मुलंच वाचून दाखवतात. ज्या घरात चूक सांगितल्यावर आधी ओरडा बसतो, तिथे मूलही गप्प बसतं आणि बापही. या जुम्याला जेवताना एवढंच बोलून ठेवा: काही चुकलं तर लगेच सांगायचं, कुणी रागावणार नाही.