विश्लेषण : पहिली मोटरसायकल किती ‘सीसी’ची? जीएसटीची ३५०ची रेषा नवख्या चालकाला का उपयोगाची नाही?

जीएसटीचे नवे दर लागू झाल्यापासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकली स्वस्त आणि त्यावरच्या महाग झाल्या. त्यामुळे पहिली गाडी घेणारे अनेक तरुण ‘साडेतीनशेच्या आत आहे ना, मग झाले’ असा हिशेब मांडू लागले आहेत. मात्र ही रेषा करवसुलीसाठी आखलेली आहे. गाडी चालवायला सोपी की अवघड, याच्याशी तिचा संबंध नाही. वाहन परवानाही हा फरक करत नाही. मग पहिली गाडी निवडायची कशी, आणि शिकायची कशी?

३५० सीसीची रेषा काय आहे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्यापुढच्या दुचाकींवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि ३ टक्के उपकर मिळून ३१ टक्के आकारणी होती, ती आता ४० टक्के आहे. म्हणजे ३५० सीसीची रेषा आधीही होती, पण दोन्ही बाजूंतील अंतर ३ टक्के होते, ते आता २२ टक्के झाले. जुन्या दराने एक्स-शोरूम एक लाख रुपयांना मिळणारी गाडी करकपात पूर्ण ग्राहकाला मिळाल्यास साधारण ७,८०० रुपयांनी स्वस्त होते. रॉयल एनफिल्डने आपल्या ३५० सीसी गाड्यांच्या किमती २२ हजार रुपयांपर्यंत कमी केल्या. उलट मोठ्या इंजिनाची तीन लाखांची गाडी कराचा बोजा पूर्ण पुढे ढकलला तर सुमारे २०,६०० रुपयांनी महागते.

दसरा-पाडव्याला गाडी घ्यायची, कर्जाचा हप्ता दोन-तीनशे रुपयांनी इकडे-तिकडे, अशा वेळी सव्वाशेवरून साडेतीनशेवर उडी मारण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे.

सीसी म्हणजे ताकद नव्हे का?

सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरची घनक्षमता. तेवढ्या जागेतून किती ताकद काढायची, हे इंजिनाच्या रचनेवर ठरते. रॉयल एनफिल्ड हंटर ३५०चे इंजिन ३४९ सीसीचे, ताकद सुमारे २० अश्वशक्ती. केटीएम २५० ड्यूक २४९ सीसीची, पण ताकद सुमारे ३१ अश्वशक्ती. दोन्ही १८ टक्क्यांच्या गटात. सीसीने लहान असलेली गाडी दीडपट ताकदीची आहे, आणि शिवाय वजनाने हलकी. नवख्याच्या हातात रेस जरा जास्त पिळली गेली तर या दोन गाड्या अगदी वेगळ्या वागतात. एकीची ताकद खालच्या वेगात संथपणे येते, दुसरीची इंजिनाचे फेरे वाढले की अचानक अंगावर येते.

विमा कंपन्यांचा हिशेब याहून थोडा बारीक आहे. २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या दरांत नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा सक्तीचा तृतीयपक्ष विमा ७५ ते १५० सीसीसाठी ३,८५१ रुपये, १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५ रुपये आणि त्यापुढे १५,११७ रुपये आहे. म्हणजे त्रयस्थाच्या नुकसानीची जोखीम मोजताना दीडशेलाच एक रेषा पडते. किमतीच्या चर्चेत ही रक्कम सहसा शेवटी, ‘ऑन-रोड’च्या चिठ्ठीवर दिसते.

परवाना काय तपासतो?

भारतात दुचाकीच्या परवान्याचे मुख्य प्रकार दोन : विनागिअर आणि गिअरची. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, गिअरच्या दुचाकीची चाचणी उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीला कायद्याने शंभर सीसीची गाडीही चालवता येते आणि हजार सीसीचीही. युरोपीय संघात २०१३ पासून लागू असलेल्या नियमांत पायऱ्या आहेत. पहिली पायरी १२५ सीसी आणि ११ किलोवॉट, म्हणजे सुमारे १५ अश्वशक्तीपर्यंत. दुसरी ३५ किलोवॉट, म्हणजे ४७ अश्वशक्तीपर्यंत. त्यानंतर अनुभव किंवा वय वाढल्यावर मोठ्या गाड्या. आपल्याकडची साधी दीडशे सीसीची प्रवासी मोटरसायकल सुमारे १४ अश्वशक्तीची असते. ताकदीपुरते बोलायचे तर ती युरोपातल्या शिकाऊ पायरीत बरोबर बसते. ड्यूक २५० बसत नाही, आणि साधी वाटणारी हंटरही बसत नाही.

चाचणीचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि त्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. प्रत्यक्षात बहुतांश ठिकाणी दुचाकीची चाचणी म्हणजे पाय न टेकवता ‘आठ’ काढणे. हे कौशल्य खरे आहे. हाफ क्लच आणि मागच्या ब्रेकवर गाडी संथ चालवता येणे गर्दीत रोज लागते. पण समोर कुत्रे आल्यावर पन्नासच्या वेगातून गाडी कशी थांबवायची, हे ‘आठ’मध्ये कोणी विचारत नाही. अनेक जण ही चाचणी घरच्या स्कूटरवर देतात. मग परवाना फक्त विनागिअरचा मिळतो. त्यावर मोटरसायकल चालवली तर दंड होतोच, अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही अडचण येते. शोरूममध्ये पैसे भरण्याआधी परवान्यावरचा प्रकार वाचून घेतलेला बरा.

मग गाडी निवडायची कशी?

सगळ्यात आधी वजन. हिरो स्प्लेंडरचे वजन सुमारे ११२ किलो, दीडशे सीसीच्या बजाज पल्सरचे १४८, हंटर ३५०चे १८१ आणि क्लासिक ३५०चे १९५ किलो. गाडी रस्त्यावर धावू लागली की हे वजन फारसे जाणवत नाही, आणि टेस्ट राइडमध्ये म्हणूनच फसगत होते. वजन कळते ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधून मागे ओढताना, चढावर सिग्नलला थांबल्यावर, किंवा वाळूवर एक पाय घसरल्यावर. स्प्लेंडर आणि हंटर यांच्यात जवळपास एका माणसाच्या वजनाचा फरक आहे. कलंडू लागलेली ११२ किलोची गाडी सावरता येते. १९५ किलोची एका मर्यादेपुढे झुकली की सोडून द्यावी लागते, आणि खाली पाय सापडला तर दुखापत ठरलेली. नवख्याची गाडी पहिल्या सहा महिन्यांत एकदा तरी उभ्या-उभ्या पडते, असे धरूनच चालावे.

मग सीटची उंची. बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे नीट आणि निदान एक टाच पूर्ण टेकली पाहिजे. कागदावरचा आकडा इथे पुरेसा नाही, कारण रुंद सीट पाय फाकवते आणि तेवढीच उंच वाटते. हँडलही सरळ आणि उंच असावे. रेसिंगच्या धाटणीच्या गाड्यांवर पुढे झुकून बसावे लागते, मनगटांवर भार येतो आणि नवख्याला संथ वेगात वळवताना तेच नडते. दिसायला त्या देखण्या असतात, हे मान्य.

तिसरे म्हणजे ब्रेक. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान सीबीएस २०१९ पासून सक्तीचे आहे. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. सर्व दुचाकींना एबीएस देण्याचा मसुदा केंद्राने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केला होता. मसुद्यात काय आहे यापेक्षा आपण घेत असलेल्या मॉडेलच्या माहितीपत्रकात काय छापले आहे ते पाहावे. एबीएस एका चाकाला आहे की दोन्ही, हेही विचारावे. शंभर-सव्वाशे आणि दीडशे-एकशेसाठ यांत निवड करायची असेल, तर जास्तीची ताकद नव्हे, हा ब्रेक पैसे वाढवण्याचे खरे कारण ठरतो.

या तिन्ही कसोट्या लावल्या तर शहरात रोज वीस-तीस किलोमीटर जाणाऱ्या नवख्यासाठी ११० ते १६० सीसीच्या, १५० किलोच्या आतल्या, सरळ हँडलच्या गाड्या उरतात. उंचापुरा, सायकल-स्कूटरवर हात बसलेला कोणी थेट साडेतीनशेवर शिकला तर ते अशक्य नाही. त्याला जास्त मैदान आणि जास्त धीर लागेल.

स्कूटर येते, मग मोटरसायकल सोपी का नाही?

आजच्या बहुतेक तरुणांचा हात आधी विनागिअर स्कूटरवर बसतो आणि धोक्याची सवय तिथेच लागते. स्कूटरचा डावा दांडा म्हणजे मागचा ब्रेक. मोटरसायकलचा डावा दांडा म्हणजे क्लच. घाबरलेल्या क्षणी स्कूटरची सवय असलेला हात डावा दांडा आवळतो. ब्रेक लागण्याऐवजी इंजिन चाकापासून सुटते आणि गाडी मोकळी धावत राहते. ही सवय मोडायला समजून घेणे पुरत नाही, रिकाम्या मैदानावर शंभरदा थांबावे लागते.

दुसरी गफलत गिअरची. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत चारही गिअर पायाचा पुढचा भाग खाली दाबून पडतात. पल्सरसारख्या गाड्यांत पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर. वडिलांच्या स्प्लेंडरवर शिकून स्वतःच्या नव्या गाडीवर बसलेला मुलगा वरचा गिअर टाकायला सवयीने खाली दाबतो, गाडी खालच्या गिअरमध्ये जाते आणि मागचे चाक हिसका देते. शिकवणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

शिकण्याची सुरुवात क्लचपासून करावी. सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये, रेस अजिबात न देता, क्लच हळूहळू सोडून गाडी कुठे ओढ घेते तो बिंदू शोधायचा. तो पायाला-हाताला पक्का कळेपर्यंत दुसरा गिअर नाही. मग संथ वेगात वळणे, नजर चाकापुढे न ठेवता जायचे तिकडे ठेवून. खड्ड्याकडे पाहत राहिले की गाडी खड्ड्यातच जाते. शिकाऊ परवान्यावर पुढे-मागे ‘एल’ हवा, आणि मागे फक्त परवानाधारक शिकवणारा बसू शकतो. मित्राला बसवून चक्कर मारणे नियमात बसत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला वडिलांनी गाडी हातात देणे तर आणखी महागात पडते : २०१९च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, वाहनाची नोंदणी वर्षभर रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही.

पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते का?

हा समज घरोघरी आहे आणि त्यामुळे कित्येक जण आयुष्यभर फक्त पायाचा ब्रेक वापरतात. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. म्हणून थांबवण्याचे बहुतांश काम पुढचाच ब्रेक करतो, आणि एकटा मागचा ब्रेक जोरात दाबला तर हलके झालेले चाक जाम होऊन गाडी आडवी घसरते. घात होतो तो पुढचा ब्रेक एका झटक्यात आवळल्याने, वळणात झुकलेले असताना दाबल्याने किंवा वाळू-खडीवर दाबल्याने. हँडल सरळ ठेवून, दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा लिंबू पिळल्यासारखा वाढवत न्यायचा. आधी २० च्या वेगाने, मग ३०, मग ४०.

वेगाचा हिशेब साधा आहे. धोका दिसल्यापासून हात हलेपर्यंत दीड सेकंद धरला आणि कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला, तर ४० च्या वेगात गाडी साधारण २७ मीटरमध्ये थांबते, ६० मध्ये ४८ आणि ८० मध्ये ७५ मीटरमध्ये. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते.

हेल्मेटचे पैसे कशातून काढायचे?

करकपातीत वाचलेल्या पैशांतून. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला, त्यातील ७४ हजार ८९७ दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजार २९, आणि त्यातील १४ हजार ३३७ मागे बसलेले. २०२१ पासून दुचाकीचे हेल्मेट आयएसआय प्रमाणित असणे बंधनकारक आहे. हनुवटीसकट पूर्ण चेहरा झाकणारे, डोके हलवल्यावर न सरकणारे आणि पट्टा बांधलेले, असे दोन घ्यावेत. हातमोजेही, कारण पडताना माणूस आधी तळवे टेकतो.

जुनी गाडी घ्यावी का?

शिकण्यासाठी हा पर्याय शहाणपणाचा आहे. पाच-सहा वर्षे जुनी शंभर ते दीडशे सीसीची गाडी पडली, तिचा आरसा फुटला तर जीव हळहळत नाही. नव्या गाड्या स्वस्त झाल्याने जुन्यांच्या भावातही घासाघीस करता येते. टायर, चेन, पुढच्या शॉकअपमधून तेल गळते का, थंड इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू होते का, हे ओळखीच्या मेकॅनिकला दाखवावे. आरसी बुकावर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवल्याचे पत्र आणि फॉर्म ३५ मागावा. फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याची सही व्यवहाराच्याच दिवशी घ्यावी आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. नावबदल रखडला तर आधीच्या मालकाची थकलेली ई-चलने गाडीवरच चिकटून राहतात. ती व्यवहाराआधी गाडीच्या क्रमांकावरून परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतात.